संघपालच्या कमाईची तपासणी

संघपाल वानखडे नोएडाच्या नव्या सेक्टरांत दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. शहाण्णव साली त्याला बसने धडक दिली, गुडघा कायमचा आखडला आणि जिने चढणं संपलं. त्याने भरपाईचा दावा केला. आता तो किती कमावू शकेल हे तपासायला कोर्टाने रोजगारतज्ज्ञ खुराणाबाईंना दिल्लीत आर. के. पुरमला त्याच्या घरी पाठवलं.

"वकिलांनी बजावलंय, माझ्याच्याने काही होत नाही एवढंच म्हणायचं," बायको प्रभावतीने सकाळीच दम भरला होता.

बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि संघपालला राहवेना. "मॅडम, घरी पाणी उकळून पिता?"

अर्ध्या तासाने बाईच विचारत होत्या, "अच्छा, हप्त्यांवर मिळेल?"

प्रभावतीने कपाळावर हात मारला. बाई भानावर आल्या आणि खळखळून हसल्या. "घाबरू नका. जिने चढून मिळणारं कमिशन बुडालं, ते लिहीनच. पण हा माणूस बसल्या जागी काहीही विकेल, हेही लिहावं लागेल."

कोर्टाने जुन्या-नव्या कमाईतल्या फरकाची भरपाई दिली. वकील हिरमुसला. संघपाल मात्र नोएडातल्या एका शोरूममध्ये खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी मनसोक्त बोलू लागला. आता कुणी त्याच्या तोंडावर दार लावत नव्हतं.