मागचा जिना

शिंप्याने मुख्याध्यापिकांच्या टेबलासमोरच बाही वर सारली आणि कोपरावरचा पांढरा वण दाखवला.

"हा याचा."

'याचा' म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या घड्याळजीचा. तोही मागे राहणारा नव्हता. त्याने ओठ उचलून पुढचा अर्धा दात दाखवला. दात घड्याळजीचाच, पण तुकडा पाडल्याचं श्रेय शिंप्याचं.

दोघे याच शाळेत शिकलेले. आता त्यांच्या मुली एका वर्गात होत्या आणि दोघींचं बिनसलं होतं, म्हणून बाईंनी बापांना बोलावलं होतं. पण मुली राहिल्या भिंतीशी उभ्या आणि बाप पोहोचले थेट लहानपणीच्या पाण्याच्या टाकीपाशी. आधी कुणी कुणाला ढकललं? गणिताच्या सरांची छत्री कुणामुळे गेली? छत्रीवरून वाद इतका पेटला की बाईंना टेबलावरची घंटी वाजवावी लागली.

"अहो बाई, भांडल्याशिवाय मैत्री मुरते का?" घड्याळजी म्हणाला.

बाईंना पटलं. दोघींनी हात मिळवावेत आणि उद्यापासून एकाच बाकावर बसावं, असं त्यांनी ठरवून टाकलं. घड्याळजीच्या मुलीने हसत हात पुढे केला. शिंप्याची मुलगीही हसली, जरा उशिराने.

शिंपी रंगात आला होता. घड्याळजीच्या मुलीने डबा सांडला, वेणी ओढली, ते कळलं. पण मग तू काय केलंस, असं त्याने लेकीला विचारलं. रागावणार नाही म्हणाला. आपल्या रक्ताचा पराक्रम ऐकायला तो पुढे सरकूनच बसला.

मुलीने बराच वेळ आठवून पाहिलं.

"मी मागच्या जिन्याने जाते."

"आणि?"

"आणि सगळे गेल्यावर जाते."

घड्याळजी हसायला गेला, पण शेजारून साथ मिळाली नाही. शिंपी मनात टाकी, छत्री, दात सगळं उलटसुलट करून पाहत होता. त्यातल्या एकाही दिवशी त्याने वाट बदलली नव्हती. उलट घड्याळजी शाळेत दिसला नाही, तर संध्याकाळी त्याच्या दाराशी जाऊन हाका मारल्या होत्या.

"हात मिळवणं राहू द्या बाई," तो म्हणाला. "हे आमच्यासारखं नाही. बाकाचंही राहू द्या."

घड्याळजीने आपल्या मुलीकडे पाहिलं. तिचा हात अजून पुढेच होता. त्याने तो धरून खाली घेतला.

बाहेर पडल्यावर शिंपी सवयीने मोठ्या जिन्याकडे वळला. लेकीने बोट धरून त्याला दुसरीकडे नेलं. इतकी वर्षं या शाळेत काढून हा जिना त्याने पाहिला नव्हता. अरुंद, कडेला मोडकी बाकं रचलेली.

वळणावर मुलीने त्याला हाताने थांबवलं. वाकून खाली पाहिलं. मग चल म्हणून खूण केली.