मार्केटला चालणारं कारण

सुरतेत माणूस बुडाला की लोक रक्कम नंतर विचारतात, आधी कारण विचारतात. चालणारी कारणं तीन: माल उचलून पार्टी पळाली, भागीदारानं फसवलं, सट्ट्यात गेले. माझ्याकडे चौथं होतं, आणि ते चालत नव्हतं.

मी कुंदन सोनवणे. नवागामात माझा साडीच्या लेसपट्टीचा कारखाना होता, आठ मशीनचा. गेल्या वर्षी फाल्गुनात मला झोप लागेनाशी झाली. त्याचं वाईट वाटलं नाही, उलट दिवस मोठा मिळाला म्हणून आनंदच झाला. अठरा दिवसांत मी बारा नवी मशीनं घेतली, कारागिरांना सप्तशृंगी गडावर फुकट नेण्यासाठी एक जुनी बस घेतली आणि माझा फोटो छापलेली नऊशे भिंतीवरची घड्याळं घेतली. सगळं उधारीवर. लोकांनी उधारी दिली, कारण इतक्या खात्रीनं बोलणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता.

चैत्रात सगळी हवा उतरली आणि मी एकवीस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बायको, धनश्री, मला दोन घास भरवायची आणि झोपताना माझ्या पायाला स्वतःची ओढणी बांधायची. मी उठून कुठे निघालो तर तिला कळावं म्हणून. तिनंच मला पर्वत पाटिया भागातल्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. आजाराचं नाव बायपोलर. गोळ्या रोज, रक्ततपासणी दर तीन महिन्यांनी. गोळ्यांनी हात थरथरतो, पण घड्याळं घ्यावीशी वाटत नाहीत.

वकील म्हणाला, दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात टाकू, काही वर्षं लागतील. मार्केट म्हणालं, तीन दिवसांत मिटवू. मार्केट म्हणजे जयंतीकाका. पंचाहत्तरीचे कापडव्यापारी. बुडालेला आणि त्यानं बुडवलेले यांची बैठक ते घालून देतात, आणि रुपयाला किती आणे द्यायचे ते त्यांच्या पेढीवर ठरतं. मी त्यांच्यापुढे डॉक्टरांची फाईल ठेवली. त्यांनी ती न उघडताच परत सरकवली.

"जो बेटा, आ वात अहीं नहीं. पागलनी सही कोण ले?"

"आजाराचं नाही सांगायचं, मग काय सांगू?"

"सट्टो. क्रिकेटनो. बधा समजशे."

सट्टा सगळ्यांना समजतो हे खरं, पण मी आयुष्यात पाच रुपयांची पैज लावलेली नाही. क्रिकेटमध्ये अकरा खेळाडू असतात, माझं ज्ञान तिथे संपतं. पण तडजोड फिसकटली असती तर न वटलेल्या चेकच्या सहा केसेस उभ्या राहणार होत्या आणि राहतं घर विकावं लागणार होतं. मी हो म्हणालो. निघताना धनश्री म्हणाली, "खोटं बोलीसन घर वाचत व्हई तं बोला. पन गोळी खाईसन जावा."

बैठकीला पैसे अडकलेले सहा जण होते. "सट्ट्यात गेले," मी म्हणालो. हात थरथरून चहा बशीत सांडला. सगळ्यांनी माना हलवल्या. पश्चात्ताप अस्सल दिसला असणार. एकानं विचारलं, कोणत्या मॅचमध्ये? मी म्हणालो, सगळ्यांत. तेही पटलं. रुपयाला पाच आणे ठरले, कागद तयार झाला. सगळ्यांत मोठी रक्कम धाग्याचे व्यापारी रघुनाथभाऊ यांची, अकरा लाख. आमच्याच अमळनेरकडचे. त्यांनी सही केली की बाकीचे करणार होते.

रघुनाथभाऊंनी पेन उचललं, खाली ठेवलं आणि मला बाहेर जिन्यात बोलावलं.

"कुंदन, तू सट्टा कसा सोडा रे?"

माझी तयारी सट्टा हरण्यापर्यंतचीच होती, तो सोडण्याची नव्हती.

"मना प्रशांतले लागेल शे." प्रशांत त्यांचा धाकटा भाऊ, बत्तीस वर्षांचा, त्यांचं दुकान पाहणारा. "पाच दिन व्हयनात, रातले झपाना नही. हासस, गाना म्हनस. काल चाळीस एसी लई उना, उधार. म्हने गल्लीमा फुकट वाटसू. इतला पैसा कोठून यी? आज तुनं आयकं आनि माले समजनं. सट्टाच शे."

"मंग आते?"

"कामरेजना वावरमा खोली शे. मोबाईल काढी लेवाना, कुलूप लावानं. म्हैनाभरमा उतरी जाई."

उतरेल, हे बरोबर होतं. पण उतरल्यावर काय येतं ते मी एकवीस दिवस पाहिलं होतं, आणि तेव्हा माझ्या पायाला ओढणी होती. प्रशांतच्या दाराला कुलूप असणार होतं. मला भीती वाटली. सहा केसेसची वाटली होती त्याहून कितीतरी जास्त.

मी त्यांना खरं सांगितलं. झोप, बस, घड्याळं, भिंत, गोळ्या.

रघुनाथभाऊ एक पायरी वर सरकले. "म्हंजे तू येडा शेस."

"तशे समजा."

"आनि मना भाऊबी?"

"ते डॉक्टर सांगतीन."

"नही. मना भाऊ येडा नही. तू सट्टाच खेळना, आनि तोबी."

ते आत गेले आणि सही करून मोकळे झाले. अकरा लाखांचे साधारण साडेतीन लाख इतक्या घाईनं करून घेणारा माणूस मार्केटनं पाहिला नसेल. मागोमाग पाचही सह्या झाल्या. कागद माझ्यापुढे आला, आणि सही कुठे करायची ते काकांनी बोट ठेवून दाखवलं. मला धनश्रीचा राग आला. ती आरामात घरी होती आणि घर की प्रशांत, हे मला एकट्याला ठरवायचं होतं.

"काका, मला सट्टा येत नाही," मी म्हणालो. "मला बायपोलर आहे. आधी झोप जाते, मग पैसा जातो, आणि माणूस मात्र खूश असतो. कोणाच्या घरी असं कोणी असेल तर त्याला कोंडू नका. डॉक्टरकडे न्या."

प्रशांतचं नाव मी घेतलं नाही.

जयंतीकाकांनी कागद माझ्या हाताखालून ओढला, दोनदा घडी घालून खिशात ठेवला आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. बाकीच्यांनी चपला घातल्या. जाता जाता एक जण म्हणाला, माणूस चांगला होता.

रघुनाथभाऊ तेवढे बसून राहिले.

"दवाखाना कवय उघडस?"

"चार वाजता. पन नंबर तीनपासून लागस."

"तू ये संगे. तो मनं आयकाव नही."

मी धनश्रीला फोन करून सांगितलं की घर गेलं, आणि जेवायला उशीर होईल.