माझं पोट सात पिंपांचं

मित्रांनो, मी एक जुनी, दमलेली गॅसची टाकी आहे. टेम्पोवाला कैलास मला 'म्हातारी' म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही. कामशेतजवळच्या एका वाडीबाहेर मी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली आहे. लोणावळ्याच्या हॉटेलांतलं उष्टं खायचं, पचवायचं आणि शाळेच्या खिचडीला गॅस द्यायचा, हे माझं काम. नऊ वर्षं झाली. खरं सांगते, कंटाळा आलाय.

मला बांधलं तेव्हा काय कौतुक होतं! नारळ फोडला, हार घातले, पाहुण्यांनी फोटो काढले. ते पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत. राहिली ती सरुबाई. रोज सकाळी ती पिंपं पालथी करते आणि उष्ट्यातून पिशव्या, चमचे, हाडं, लिंबाच्या साली वेचून काढते. दिवसाला सात पिंपं, आठवं नाही, हा तिचा नियम.

गेल्या पावसाळ्यात सलग सुट्ट्या आल्या. लोणावळ्याच्या भुशी धरणावर माणसांची ही झुंबड! नेमकी सरुबाई तापाने घरी पडलेली. कैलासने एकोणीस पिंपं आणून उतरवली. भात, पुऱ्या, भजी, हातसुद्धा न लागलेली पनीरची भाजी. ताटात शीतही ठेवू न देणाऱ्या घरातला तो. एवढं अन्न फेकून द्यायला त्याचा हात धजेना. "खा म्हातारे, पोटभर खा," म्हणत त्याने एकोणीसच्या एकोणीस पिंपं माझ्या घशात ओतली. त्याच्या मनात वाईट नव्हतं हो. आग्रह करकरून वाढणाऱ्यांच्या मनात ते कधीच नसतं.

तिसऱ्या दिवशी, गॅस भरला की वर उचलली जाणारी माझी लोखंडी टोपी चांगली वर चढली. कैलास खूश! पण शाळेच्या शेगडीला काडी लावली की नुसता फुसका वारा, आणि काडी विझायची. सरुबाई अंगात ताप असतानाच आली. माझ्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि कैलासकडे वळली.

"आंबली रं ही. किती घातलंस?"

"एकोणीस, मावशी. अन्न टाकायचं म्हंजे पाप न्हाई का?"

"आन कोंबायचं, ते पुण्य व्हय?"

माझा कारभार बघणारे साहेब येऊन बघून गेले. पंधरा दिवसांत पेटली नाही तर बुजवून टाका, म्हणाले. माझं काय, मी सुटले असते एकदाची! पण सरुबाईचं काम गेलं असतं. साठीची बाई, गुडघे धरलेले. तिला दुसरीकडे कोण ठेवणार? त्याच काळजीने मी हातपाय गाळले नाहीत. हातपाय नाहीत ती गोष्ट वेगळी.

तिने मला लंघन घातलं. चुन्याची निवळी पाजली. वाडीतल्या धोंडिबाच्या चालू गोबरगॅसमधली शेणाची मळी रोज एक बादली मागून घ्यायची आणि दुधाला विरजण लावावं तशी माझ्यात ढवळायची. बादली कैलास वाहायचा, खाली मान घालून. बारा दिवस काडी विझतच राहिली. तेराव्या दिवशी ज्योत थरथरली, निळी झाली आणि टिकली. सरुबाई पदर तोंडाला लावून रडली.

आता सुख, असं वाटलं ना तुम्हाला? कुठलं! रविवारी भरलेला टेम्पो पुन्हा दारात. सरुबाई माझ्यासमोर आडवी उभी राहिली. "ही सातच घील. बाकीचं माघारी ने, आन ज्यांनी टाकलं त्यास्नी दाव."

कैलासने खरंच नेलं. हॉटेलवाल्यांच्या शिव्या खाऊन आला.

मित्रांनो, मी उष्ट्याचं सोनं करते म्हणून लोक माझी पाठ थोपटतात. पण तुमच्या ताटातलं चांगलं अन्न माझ्या घशात पडतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. शाळेची काळजी करू नका. ती शेगडी मी धोंडिबाच्या गुरांच्या शेणावरही पेटती ठेवीन, आणि शेण कालवायला सरुबाई आहेच. तुम्ही फक्त भुकेपुरतं वाढून घ्या. लंघन म्हणून नव्हे, उष्टंच आलं नाही म्हणून, मरायच्या आधी एक दिवस तरी मला उपाशी राहायचंय.