ऑल्डरकोमचा दरवाजा

मित्रांनो, माझ्या अंगावरून हात फिरवलात तर मधोमध एक खाच लागेल. तुमची दोन बोटं तिच्यात सहज जातील. मी ऑल्डरकोमच्या चर्चचा जुना दरवाजा आहे, आणि ती खाच भाल्याची आहे.

गावाच्या गायरानातला एक ओक वादळात पडला. सुतारांनी त्याच्या फळ्या काढल्या, लोहारांनी खिळे ठोकले आणि मी उभा राहिलो. माझ्यातून नवऱ्या आत गेल्या, नामकरणाची बाळं गेली, शवपेट्या बाहेर आल्या. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. दोन्हीकडचे शिपाई आमच्या गावावर जगू लागले. एकांनी डुकरं नेली, दुसऱ्यांनी जव नेले.

जर्वेस पास्क तेव्हा गावचा लोहार होता. चर्चची घंटा वाजवणारा आणि थडगी खणणारा अँब्रोज टक हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दिवस वाईट आले म्हणून जर्वेसनं माझ्यासाठी नवा लोखंडी अडसर घडवला.

"अडसर झकास झालाय, पण तुझ्या बिजागऱ्या फार बोंबलतात रे," अँब्रोज म्हणाला.

"बोंबलणारच! त्यांना लावायला चरबी देतो, ती तू पावाला लावून खातोस."

दोघं पोट धरून हसले. माझ्यासमोरचं त्यांचं ते शेवटचं हसणं.

फेब्रुवारीत काही घोडेस्वार नांगराचे बैल न्यायला आले. ते कोणत्या बाजूचे, हे गावानं विचारलंसुद्धा नाही. जर्वेसची बायको टॉमसिन आपल्या बैलाचं दावं सोडेना. एकानं पिस्तुलाच्या दस्त्यानं तिचं तोंड फोडलं. जर्वेसचा हातोडा त्याच्या डोक्यात बसला. तो शिपाई तिथंच मेला. बाकीचे पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी तुकडी आली. घरं पेटली. माणसं पोरांना काखेत मारून चर्चकडे धावली. म्हाताऱ्यांना पळवत नव्हतं, म्हणून जर्वेस चर्चच्या आवाराच्या फाटकात हातोडा घेऊन उभा राहिला. त्यानं टॉमसिनला पुढे ढकललं. शेवटचा म्हातारा आत आला आणि अँब्रोजनं अडसर सरकवला.

मग माझ्यावर मुठी आपटू लागल्या.

"अँब्रोज! अरे, मी आहे! उघड!"

टॉमसिन अडसरावर झेपावली. "बहिरा झालास का? तो बाहेर राहिलाय! काढ!"

"ते त्याच्या पाठीलाच आहेत, टॉमसिन. दार उघडलं तर सगळे मरतील. पोरं आहेत आत."

"काढ म्हणते ना!"

तिनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. अँब्रोज रडत होता, पण अडसरावरचा हात त्यानं काढला नाही. आतलं दुसरं कुणी तिच्या मदतीला उठलं नाही. पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले.

बाहेरून आवाज आला, "हाच तो हातोडेवाला!"

मुठी थांबल्या. जर्वेसनं पाठ मला टेकवली. एकाचा गुडघा फुटलेला मी ऐकला, एकाचा जबडा. मग भाला आला. तो जर्वेसमधून पार होऊन माझ्या लाकडात रुतला. माझ्या फळ्यांवरून ऊन रक्त उतरू लागलं. त्याचा श्वास बराच वेळ माझ्या अंगाला लागत होता. मग थांबला.

त्यानंतर कुऱ्हाडी बसल्या. माझ्या ढलप्या उडाल्या. खाली पेंढा पेटवला, पण मी पावसानं भिजलेला. धुमसलो, जळलो नाही. तेवढ्यात टेकडीवर त्यांच्या शत्रूचं निशाण दिसलं आणि शिपाई निघून गेले.

अँब्रोजनं अडसर काढला. मी आतल्या बाजूला उघडतो, मित्रांनो. भाल्यानं माझ्याशी जखडलेला जर्वेसही माझ्याबरोबर आत आला.

थडगं खणायला अँब्रोजनं फावडं उचललं. टॉमसिननं ते हिसकावून घेतलं.

"तू नको."

"टॉमसिन, मी काय करायला हवं होतं?"

ती फावड्यावर टेकली. सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "मला नाही ठाऊक. ठाऊक असतं तर तुला शिव्या तरी देता आल्या असत्या."

गोठलेल्या जमिनीत तिनं एकटीनं खणलं. अँब्रोज बाजूला उभा होता. त्याला कुणी जा म्हणालं नाही आणि कुणी जवळही आलं नाही. पुढे पाद्रीबाबांनी मला रंधा मारायला सुतार बोलावला, तेव्हा टॉमसिन मला पाठ लावून उभी राहिली. "हात लावून तर बघ," म्हणाली. सुतार परत गेला. ती आणि अँब्रोज त्याच गावात म्हातारे झाले. तो दर रविवारी मला उघडायचा, ती आत यायची. बोलले कधीच नाहीत.

आता लोक माझं कौतुक करतात. गाव वाचवणारा शूर दरवाजा म्हणतात, फोटो काढतात. परवा कुणीसं म्हणालं, ही खाच बुजवून वर छान पॉलिश करू या.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना तेल घाला. वाळवीपासून मला जपा. मी म्हातारा झालो आहे, मला त्याची गरज आहे. पण खाच बुजवू नका. तिच्यात बोट घालाल तेव्हा आत किती जण वाचले हे तुम्हाला कुणीही सांगेल. तुम्ही मात्र बाहेर कोण होतं ते विचारा.