स्वागताची ओळ

"बाई, कागदावर आहे तेवढंच वाचा ना," जनसंपर्क अधिकारी काचेपलीकडून काकुळतीने म्हणाले.

आईने चष्मा सारखा केला, मायक्रोफोनकडे पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाली, "नमस्कार, सार्वजनिक विद्यापीठ. बोला."

रेकॉर्डिंगवाल्याला हसू आवरेना. "आवाज काय लागलाय, साहेब! घेऊन टाका हाच."

साहेबांना तो घेता येत नव्हता. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा रण माजलं होतं. नव्या बोधचिन्हात 'सार्वजनिक' हा शब्द बसत नव्हता. तो जुनाट वाटतो, लोकांना सरकारी दवाखाना आठवतो, असं सल्लागार कंपनीचं म्हणणं. म्हणून तो गाळून एक छोटं, चकचकीत नाव काढलं होतं. प्राध्यापकांत दोन तट पडले, विद्यार्थी फाटकाशी ठाण मांडून बसले, ठराव लटकला. कायद्यात जुनं नाव, पाट्यांवर नवं. त्यातच टेलिफोन कक्षात फोन उचलणारं यंत्र येणार होतं. त्यात आवाज कुणाचा, यावर मात्र दोन्ही तटांचं एकमत होतं. आई तिथली सर्वांत जुनी ऑपरेटर होती. घसा बसला तर पाणी द्यायला म्हणून मी सोबत गेले होते.

"एका शब्दाने काय बिघडतं, बाई?"

"मग राहू द्या की तो."

"अहो, ब्रँड म्हणून काही असतं!"

"असेल. पण फोन करणाऱ्याचं पोर शाळा संपवून घरी बसलेलं असतं. आपल्याला तिथे उभं करतील का, हे विचारायची त्याला हिंमत होत नाही. नुसता खाकरत बसतो. मी 'सार्वजनिक' म्हटलं की मग बोलायला लागतो. तुमचं ते नाव ऐकलं तर बँकेत लागला म्हणून ठेवून देईल."

साहेब हसले, मग कपाळ चोळत बसले. "मला वरून आदेश आहे. माझीही नोकरीच आहे ना."

"तुमच्यावर राग नाही हो. पण कागद तुमचा, आवाज माझा." तिने कागदाची नीट घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि रेकॉर्डिंगवाल्याकडे वळली. "आत्ता घेतलंस ते सगळं पूस. माझ्यादेखत. नाहीतर मधलाच शब्द कापून जोडाल."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. त्याने पुसलं. पुसलं गेल्याची खात्री करूनच आई खुर्चीवरून उठली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "त्या यंत्रात कायमची राहिली असतीस."

"राहिले असते गं. पण काय बोलत?"

दादा मात्र चिडला. "निवृत्तीच्या तोंडावर कशाला नसती उठाठेव?" म्हणाला. मी आणि तो, दोघंही तिथेच शिकलो होतो, तेही जवळजवळ फुकट. ते तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, तेव्हाही नाही.

काही वर्षांनी आई वारली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा परदेशातून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आईचा आवाज आहे का गं कुठे? एखादा व्हिडिओ, काहीही?"

मी सगळं धुंडाळलं. फोटोंत ती होती, पण मोबाइल समोर धरला की ती गप्प व्हायची. बोलायचं ते माणसाशी, यंत्राशी काय बोलायचं, असं तिचं होतं. शेवटी, का कोण जाणे, मी विद्यापीठाचा नंबर लावला. कुणा तरुण बाईचा गोड आवाज. त्या बिचारीने दिलेलं नवं नाव स्वच्छ वाचलं होतं. प्रवेशासाठी एक दाबा. परीक्षेसाठी दोन दाबा. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग दादाला फोन केला.

"कुठेच नाही रे."

"विद्यापीठात? त्या मशीनमध्ये?"

"तिथेही नाही."

मग तो म्हणाला, "बरं केलं तिने."

त्यानंतरही बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.