इकडची काडी तिकडे न करणारे

वाशिमच्या डॉक्टरनं पंचफुलाबाईच्या फुफ्फुसात कॅन्सर आहे असं सांगितलं, तेव्हा बबनरावांनी दवाखान्याच्या पायरीवरच बायकोला विचारलं, "तू लपून बिडी वढत होती काय वं?" विचारताना त्यांच्या स्वतःच्या बोटांत बिडी जळत होती. घरात गॅस होता. पण चुलीवरच्या भाकरीशिवाय बबनरावांना घास गोड लागत नसे. त्यामुळे संसाराची वाटणी लग्नापासून चोख होती: भाकर त्यांची, धूर तिचा.

गावी, किन्हीराजाला, परतताना बसमध्येच बबनरावांनी ठरवलं, की गावात दमा सांगायचा. पोराचं, विकासचं, लग्न जमत आलं होतं. आसेगावहून मुलीकडचे पाहुणे घर पाहायला येणार होते, आणि आजारी सासूचं घर कोण पसंत करतं?

पंचाईत एवढीच, की पाहुणे येणार त्याच संध्याकाळी पंचफुलाबाईला नागपूरला निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिथं गाठीची पुढची तपासणी होती. तिच्यावरून औषध ठरणार होतं. न्यायला भावाची पोरगी निकिता आली होती. ती नागपुरात ह्याच रोगावर संशोधन करायची.

"साखरपुडा होऊ दे, मंग पाहू," बबनराव बाजेवरून म्हणाले. "गाठ का पळून राह्यली?"

"पळत नाई मामाजी, पसरते," निकिता म्हणाली.

"शिकलेल्या पोरीची जीभ लंबी असते," असं म्हणून त्यांनी चहा मागितला.

पाहुण्यांच्या दिवशी पंचफुलाबाई चुलीपुढं पुरणपोळ्या लाटत होती. निकितानं लाटणं ओढून घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "लाटता लाटता सांग, तू तिथं नेमकं काय करतं?"

"रक्त तपासतो, आत्या. पेशीत जनुकांच्या नकला निघतात, त्याले आरएनए म्हनतात. काई नकलांवरून प्रथिनं बनतात, म्हंजे शरीराचं काम होते. पन काई लांबलचक नकला अशा, की त्याच्यातून काईच बनत नाई. लाँग नॉन-कोडिंग. लोकांनी लई दिवस त्याले कचराच समजलं."

"मंग?"

"मंग समजलं, कोनतं जनुक चालू ठेवाचं, कोनतं बंद, यात त्याइचाच हात. असा एक आरएनए तं फुफ्फुसाच्या गाठीतच पयल्यांदा सापडला. जिथं तो जास्त, तिथं रोग पसरायचा धोका जास्त."

पंचफुलाबाईनं दाराच्या फटीतून बाजेकडं पाहिलं. "सोताच्या हातानं इकडची काडी तिकडे नाई, आन् घर त्याच्या बोटावर," ती म्हणाली. "त्याच्यासाठी नागपूरले कायले गेली वं?"

निकिताला हसू आवरेना. पंचफुलाबाई मात्र हसली नाही. "याच्यावर औषध हाये?"

"माह्या कामातून लगेच नाई निघत, आत्या. खोटं काहून बोलू? पन तुही तपासनी झाली आन् गाठ औषध लागू पडनारी निघाली, तं गोळ्या हायेत."

पाहुणे आले. पंचफुलाबाई वाढायला उभी राहिली. खोकला आला की ती पदर तोंडात कोंबायची आणि घशात आलेलं खारट गिळून पुन्हा तूप वाढायची. बबनराव डोळ्यांनी शाबासकी देत होते. तिला त्या शाबासकीची शिसारी आली.

मग विहीणबाई हात धुवायला मागं आली. पंचफुलाबाईला राहवेना. खोटं सांगून परक्याची लेक आणायची, हे तिच्या मनाला पटेना. "विहीनबाई, मले दमा नाई. क्यान्सर हाये."

विहीणबाईनं तिचा हात मायेनं थोपटला. "आमाले ठाव हाये ना माय. सारी चौकशी करूनच आलो. पोरगी नाजूक हाये, सासूचा जाच नसन तं बरंच. साल-दोन साल काय, आम्ही बी समजून घेऊ."

दारात बबनराव उभे होते. त्यांनी सारं ऐकलं होतं. चेहरा असा खुलला, जणू सोयाबीनला अचानक भाव आला. "पाह्य! मी म्हनलं नोतं? काई अडत नाई. आता नागपूरची तरी काय घाई? थांब चार रोज."

पंचफुलाबाईनं दोघांकडं पाहिलं. एकानं तिला लपवलं होतं, दुसरीनं तिला वजा केलं होतं, आणि उत्तर दोघांचं बरोबर जुळलं होतं. ती तशीच मोरीत गेली आणि दुपारभर गिळलेलं सगळं थुंकून टाकलं. चूळ भरली. चुलीत धुमसणारं लाकूड ओढून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"अवं, पंगत बसली हाये!" बबनराव ओरडले. "पोळ्या कोन करीन?"

तिनं खुंटीवरची पिशवी घेतली, निकिताला गाडी काढायला सांगितलं. विकास ताटावरून अर्धवट उठला, बापाकडं पाहिलं आणि पुन्हा बसला. तेही तिनं पाहून घेतलं.

उंबऱ्यावर ती विहीणबाईकडं वळली.

"पोरगी खुशाल द्या, बाई. फकस्त देतानी सासू जित्ती धरून इचार करा. मी वापस येऊन राह्यली."