दुसरा ड्रायव्हर

मुलीने आई-वडिलांची तिकिटं पाठवली, त्याला आठवडा झाला होता. तिचे दिवस भरत आले होते. दोन शहरांमधलं अंतर अकरा-बारा हजार किलोमीटर. विमान मधे कुठेही न थांबता तेरा तासांत पोचणार होतं. आई तयार होती. वडील नाही म्हणाले. आधी गुडघ्याचं कारण दिलं, मग कुंड्यांना पाणी कोण घालणार ते. तिसऱ्यांदा कारणही दिलं नाही.

वडील लांब पल्ल्याच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. डेपोत त्यांना ‘पोलाद’ म्हणत. दोन वर्षांपूर्वी मुलीने आपलं लग्न आपणच ठरवलं, तेव्हा ते महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. त्यामुळे आताच्या नकाराचा अर्थ घरात सगळ्यांनी एकच लावला.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. आईने तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर मुलगी, मागे जावई भांडी पुसत उभा.

“बाबा, तिकिटं रद्द करते. पण एकदा तोंडावर सांगा, माझ्या घराची पायरी चढायची नाही म्हणून.”

“असं कोण म्हणालं?”

“म्हणायला कशाला हवं? दिसतंय की.”

वडिलांनी आईकडे पाहिलं. तिने मान फिरवली. या वेळी ती मदतीला येणार नव्हती.

“तेरा तास,” ते अखेर म्हणाले. “मधे थांबा नाही. आठ तासांच्या वर आम्हाला स्टेअरिंगला हात लावू देत नव्हते. दुसरा ड्रायव्हर मागच्या बाकावर झोपलेला असायचा. विमानात दोघं पुढेच बसतात, दोघंही जागे. म्हणजे पेंगणारही दोघं एकदमच.”

“अहो,” आई म्हणाली, “म्हणजे तुम्ही घाबरलात?”

“हळू बोल. भिंतीपलीकडे डेपोवाले राहतात.”

मुलगी हसायला लागली आणि हसता हसताच डोळे पुसू लागली. जावई फडकं घेऊनच पुढे आला.

“बाबा, बराच वेळ तर ते आपोआप चालतं...”

“हात सोडून बसतात?”

“तू गप्प बस रे,” मुलगी नवऱ्याला म्हणाली. “बाबा, इतक्या लांबच्या विमानात चौघं असतात. आळीपाळीने झोपतात. वेगळी खोली असते त्यांना, बिछान्यांची.”

“बिछाने! आम्हाला चादरसुद्धा घरून न्यावी लागायची.” वडील पुढे सरकले. “आणि जागा बदलताना? ब्रेक कसा लागतोय, पुढे रस्ता कसा आहे, हे उठलेल्याला सांगतात का? आम्ही त्याशिवाय सीट सोडत नसू.”

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं.

“मला माहीत नाही, बाबा,” जावई म्हणाला. “विचारून सांगतो.”

डेपोत नवा ड्रायव्हर आला की वडील त्याला मुद्दाम एखादा आडरस्ता विचारत. ठोकून देणाऱ्याला आपल्या गाडीवर घेत नसत.

“बरं,” ते म्हणाले. “विचार.”

जावयाचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी आला: सगळं सांगतात, मगच उठतात. आईने तो मोठ्याने वाचला, तेव्हा वडील स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग ओढत होते.

“खिडकी तू घे,” ते वरूनच म्हणाले. “आणि माझी ड्युटीची चादर धुऊन या बॅगेत टाक.”

“अहो, विमानात देतात चादर.”

“मला नकोय. बाळाला लागेल. धुऊन धुऊन मऊ झालीये.”